मानसशास्त्रीय थरारकथा: लेखकाला त्या पेशातलं किती कळायला हवं?

मधली_आळी

नमस्कार मंडळी,

पाऊस लागल्यापासून थरारकथांचा सपाटा लावलाय, त्यातही मानसशास्त्रीय म्हणतात त्या. या प्रकारात लेखक बरेचदा आपला पेशा बरोबर घेऊनच येतो. जोनाथन केलरमन लहान मुलांचा मानसशास्त्रज्ञ, आणि १९८५ च्या पहिल्या कादंबरीपासून त्याचा नायकही त्याच पेशातला. स्कॉट टुरो शिकागोत सरकारी वकील होता. १९८७ मध्ये त्याने कादंबरीतल्या सरकारी वकिलालाच खुनाच्या आरोपाखाली कोर्टात उभं केलं. 'द सायलेंट पेशंट' (२०१९) लिहिणाऱ्या ॲलेक्स मायकेलिडीसने तरुण मुलांच्या मनोरुग्ण विभागात काम केलेलं, त्याचा निवेदक मनोपचारक.

दुसऱ्या बाजूला या प्रकाराचे ठरलेले साचे. खोटं बोलणारा निवेदक, एकाकी घर, गेलेली स्मृती, सापडलेली डायरी, शेवटच्या वीस पानांत सगळं उलटंपालटं.

मी एका दिवाळी अंकासाठी असंच काहीतरी लिहितेय. नायिका मुंबईतली मानसोपचारतज्ज्ञ. जुलैमध्ये खाडीकाठच्या आपल्या गावी येते. वीस वर्षांपूर्वी भावाने सही करून मोठ्या बहिणीला मनोरुग्णालयात टाकलेलं, ती अजून तिथेच. अष्टमीच्या दुपारी बारा वाजता उधाणाची भरती येते आणि ट्रॉलरवाल्यांना खाडीच्या तोंडाशी भावाचं प्रेत दिसतं. सगळं नायिकाच सांगते. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते वाचकाने ठरवायचं.

तर पेशातली माहिती अशा कथेत नक्की कोणतं काम करते? वाचकाचा भरवसा मिळवते, की नुसती शोभेची? आणि हे साचे आपल्याकडे कोकणात चालतात का? मी स्वतः डॉक्टर नाही, पतपेढीत आहे.

तिरफळ

पतपेढीत असून थरारकथेला विषय बाहेर शोधताय? (हलकेच घ्या.)

दर्यासारंग

ताई, कथा बरी असा. पण अष्टमीक दुपारच्या बाराक भरती खंय येता गो? तिथीची पाऊणपट करूची, तितक्या वाजता भरती. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाक नि सांजच्या सहाक भरती. बाराक सगळी सुकती, खाडीत चिखल नि कुर्ल्यो. तासभर हयसर थयसर धर, पण सहा तासांचो फरक पडणा नाय.

आणि अष्टमीक उधाण नसताच, भांग असता. पाणी धड चडणा नाय, धड उतरणा नाय. उधाण अमावाशेक नायतर पुनवेक.

तिसरा, जुलयात ट्रॉलर खंयचो? १ जून ते ३१ जुलय मासेमारी बंद. ट्रॉलर ताडपत्री घालून बंदरात झोपललो असता.

रातांबा

दर्यासारंगकाका, साष्टांग दंडवत. एका परिच्छेदात तीन बळी.

पाणदिवड

हे आपलं नेहमीचंच. कुणी गोष्ट लिहायला घेतली की लोक पंचांग घेऊन बसतात. थरारकथा वाचताना मला धडधड हवी असते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, रत्नागिरीच्या नगर वाचनालयापासून मुंबईच्या चाळींपर्यंत लोकांनी रांगा लावून वाचल्या. तिथे कुणी विचारलं होतं का, की त्यांचा नायक झुंजार इतक्या वेळात दादरहून तिथे पोचला कसा?

साताऱ्याच्या वाचकाला अष्टमी काय नि एकादशी काय. ताई, तुम्ही बिनधास्त लिहा.

खाजण

@पाणदिवड, झुंजारच्या गोष्टीत आपण वेगळ्या बोलीवर बसतो. तिथे लेखक सांगेल ते खरं, आणि गुन्हेगार बाहेर कुठेतरी आहे. इथे लेखक गप्प बसलेला असतो आणि बोलणारं माणूस लबाड असू शकतं. मग वाचकाच्या हातात पडताळून बघायला उरतं काय? भरती, एसटीची वेळ, गोळीचा रंग, असल्याच गोष्टी.

मी खाडीकाठचा. 'अष्टमीच्या बाराला उधाण' हे वाक्य वाचलं तेव्हा मी सावरून बसलो होतो. म्हटलं, बाई खोटं बोलतेय, ती तिथे नव्हतीच! असल्या गोष्टीत लेखिकेची चूक आणि निवेदिकेचं खोटं वाचकाला सारखंच दिसतं. म्हणून माझ्या मते नायक-नायिका सरळ असतील तर थोडं इकडेतिकडे चालून जाईल, पण निवेदक लबाड ठेवायचा असेल तर त्याच्याभोवतीचं जग चोख पाहिजे.

रातांबा

+१. हे कधी असं डोक्यात आलं नव्हतं.

पाणदिवड

मुद्दा चांगला आहे, पटला नाही. शंभरातल्या नव्वद वाचकांना कळणार नसेल तर ते चोख जग कुणासाठी?

वकीलबाई

धागा आत्ता बघितला. भरतीचं झालं, आता कायद्याचं घ्या. माझी प्रॅक्टिस दिवाणीची जास्त, पण अशी दोन-तीन प्रकरणं हाताखालून गेली आहेत.

भावाने सही केली आणि बहीण वीस वर्षं आत, हे इतकं सोपं नाही. वीस वर्षांपूर्वी १९८७ चा कायदा लागू होता. त्यातही नातेवाइकाच्या अर्जावर जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता यायचं, तेही दोन डॉक्टरांच्या दाखल्यांवर. पुढे मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा. आत्ताचा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर अर्ज तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा हवा, दोघांनी स्वतंत्र तपासणी करायला हवी (त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ), आणि पहिली मुदत ३० दिवसांची. रुग्ण बाई असेल तर तीन दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं.

'कोर्टातून वेडी ठरवून जमीन लाटली' हा लाडका साचासुद्धा जरा जपून वापरा. मनोरुग्णाच्या मालमत्तेवर पालक नेमायची तरतूद १९८७ च्या कायद्यात होती, २०१७ च्या कायद्यात ती ठेवलेली नाही. तुम्हाला जुन्या पद्धतीचं अंधारं मनोरुग्णालयच हवं असेल तर कथा १९८० च्या दशकात न्या. १९८७ चा कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल १९९३ ला, तोपर्यंत १९१२ चा इंडियन लुनसी ॲक्टच चालू होता. नावातच भीती आहे.

आणखी दोन गोष्टींचा मला वैताग येतो. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टरसमोर दिलेला कबुलीजबाब. पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, कायदा जुना असो की नवा. आणि नार्को, म्हणजे औषध टोचून माणसाला बोलतं करायची चाचणी. संमतीशिवाय नार्को करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय, तरी दर दुसऱ्या कथेत खलनायक सुई टोचल्याबरोबर पोपटासारखा बोलतो.

आणि हेतू. कोकणात भावाचा खून बालपणीच्या आघातावरून होईल की नाही सांगता येत नाही. सातबाऱ्यावरून मात्र नक्की होईल. सामाईक हिस्सा, चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत आणि निम्मी वर. बहीण आत असेल तर वाटपाच्या दाव्यात तिची सही कोण करतंय, हा प्रश्न माझ्या डोक्यात पहिल्या पानावर आला.

तिरफळ

वकीलबाई, 'निम्मी वर' म्हणजे रत्नागिरीच्या वर की...?

वकीलबाई

दोन्हीकडे. वारस नोंदी लागलेल्या नसतात.

चाकरमानी_डोंबिवली

साच्यांबद्दल बोलतो. एकाकी घर हा साचा कोकणात बसत नाही हो. आमचं घर अकरा महिने बंद, आजूबाजूला शंभर माडांची वाडी, रात्री पोचलो, दिवा न लावता झोपलो. सकाळी सहाला शेजारची काकी कुंपणापलीकडून, 'कधी इलास? सून खंय असा?'

अनोळखी माणूस एसटीतून उतरला की तो कोणाचा कोण हे तिठ्यावरच्या चहावाल्याला अर्ध्या तासात माहीत होतं. वीज गेल्यावर नायिका घाबरते, हेही आमच्याकडे नको. वीज जाते, इन्व्हर्टर लागतो, सिरीयल पुढे चालू.

अवांतर: मी स्वतः एक थरारकथा लिहून अर्धी टाकलेय. कर्बुड्याच्या बोगद्यात खून. साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. पण गाडीने ताशी शंभरचा वेग धरला तरी जेमतेम चार मिनिटं मिळतात, आणि त्यात डब्यातले लोक चिवडा खात बसलेले.

तिरफळ

पावसाळी वेळापत्रकात खून करा. गाडी हळू जाते, खुन्याला निवांत वेळ मिळतो.

रातांबा

@चाकरमानी, एकाकी घर चालत नाही हे खरं. पण मला उलट वाटतं. वाडीत सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि पंचनाम्याला पोलीस आले की कुणालाच काही माहीत नसतं. यासारखा थरार बर्फातल्या बंगल्यात नाही. काकीला नायिका कधी आली, कुणाबरोबर आली, रात्री किती वाजता खाडीवर गेली, सगळं ठाऊक आहे. ती बोलत नाही, कारण तिचाही भावाबरोबर गडग्यावरून वाद आहे.

वकीलबाई

@रातांबा, शंभर टक्के. आणि पंच म्हणून ज्याची सही घेतली तो कोर्टात सांगणार, 'मी चहा प्यायला गेलो होतो, सही नंतर केली.'

अर्धशिशी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, किनाऱ्यावरच्याच एका तालुक्याच्या गावी. असल्या कथा वाचताना माझी होणारी चिडचिड इथे ओतते, रागावू नका.

मानसशास्त्रज्ञ औषधं लिहून देत नाही, मानसोपचारतज्ज्ञ देतो, तो एमबीबीएसनंतर एमडी झालेला डॉक्टर असतो. कथेत दर चार पानांनी एकाचा दुसरा होतो. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका अंगात दोन माणसं नव्हेत. तो आजार वेगळा, दुभंग ओळखीचा वेगळा आणि बराच विरळा. आणि थेरपिस्ट पेशंटच्या नातेवाइकांच्या घरी परस्पर जाऊन गुप्तहेरगिरी करत नाही. 'सायलेंट पेशंट'मधला नायक हेच करत फिरतो. वाचताना मी तोंडातल्या तोंडात ओरडत होते, अरे तुझं रजिस्ट्रेशन जाईल. पुस्तक संपल्यावर मात्र गप्प बसले. तो चुकीचा वागतोय हे लेखकाला माहीत होतं. सामान्य वाचकाला ते वागणं कळकळ वाटतं, आम्हाला सुरुवातीपासून खटकतं. एकच कृती दोन प्रकारे वाचता येते, आणि दोन्ही वाचनं त्याच्या हिशेबात होती. खाजण यांनी वर म्हटलंय ते इथे लागू पडतं.

आता कोकणातलं. माझ्याकडे 'मला नैराश्य आलंय' म्हणत फारसं कुणी येत नाही. डोकं चढतं, छातीत धडधडतं, अंग जड झालंय, असं म्हणत येतात. आधी देवळात कौल लावून झालेला असतो, मग जाणत्याकडे, मग फिजिशियनकडे, शेवटी माझ्याकडे. पुष्कळदा दुसऱ्या तालुक्यातून, दोन एसट्या बदलून, कारण आपल्या गावात माझ्या पायऱ्या चढताना कुणी बघेल. तरी वेटिंग रूममध्ये ओळखीचं माणूस भेटतंच. मग दोघंही एकमेकांना सांगतात, 'सहज आलेलो, कागद न्यायचे होते.'

मधली_आळी, तुमचा थरार इथे आहे बघा. गावात परत आलेल्या मानसोपचारतज्ज्ञाला लोक ओसरीवर गाठणार. आठवड्याभरात तिला अर्ध्या वाडीची गुपितं माहीत होणार, आणि ती कुणाला सांगायची नाहीत हे पेशानेही बांधलेलं, कायद्यानेही. गप्प बसायची तिला रोजची सवय. असा निवेदक वाचकापासून काही लपवत असेल तर ते लपवणं वाटतच नाही. वाटतं, बाई आपलं काम करतेय.

खाजण

वा! वाचनखूण साठवली.

औषधवाला_दापोली

माझा काउंटर सोडून यायला उशीर झाला. पेशा कथेत कसा मुरवायचा याचं माझं आवडतं उदाहरण ॲगाथा क्रिस्ती. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात आधी नर्सिंग, मग औषधांच्या खोलीत काम. १९१७ मध्ये औषधं तयार करण्याची परीक्षासुद्धा पास झाली. पहिली कादंबरी १९२० ची. तिच्यातली सगळी मेख औषधाच्या बाटलीच्या तळाशी काय साचतं यावर आहे. औषधांच्या व्यावसायिकांच्या नियतकालिकाने तिची दखल घेतली, विषाची माहिती बरोबर आहे म्हणून शाबासकी दिली. पुढे जन्मभर बाईंना त्याचा अभिमान होता.

मला भावतं ते असं की तिने विषाचं व्याख्यान कुठेच दिलेलं नाही. 'बाटली हलवून घ्या' हे वाक्य आम्ही रोज पन्नास गिऱ्हाइकांना सांगतो, कुणी ऐकत नाही. तिने तेच तुमच्यासमोर ठेवलं.

पाणदिवड

स्पॉयलर!!

औषधवाला_दापोली

शंभर वर्षं झाली हो पुस्तकाला.

पाणदिवड

मी पुढच्या आठवड्यात वाचणार होतो.

संपादक

मंडळी, विषाची नावं, प्रमाणं आणि पद्धती इथे लिहू नका. कर्बुडे बोगद्यासाठी वेगळा धागा काढा. बाकी चालू द्या.

रात्रपाळी

नमस्कार. मी निवृत्त परिचारिका. एका सरकारी मनोरुग्णालयात बरीच वर्षं काढली, कुठल्या ते सांगत नाही. राज्यात मोठी चारच आहेत, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी, तेव्हा फार शोधावं लागणार नाही.

कथांमध्ये आमचं वॉर्ड म्हणजे किंकाळ्या, साखळ्या आणि पांढऱ्या साडीतली दुष्ट सिस्टर. वीजेचा झटका म्हणजे शिक्षा. आता भूल दिल्याशिवाय झटका द्यायला कायद्यानेच बंदी आहे. मी पाहिलेल्या वॉर्डात सगळ्यात जास्त काय असायचं तर वाट बघणं. चहाची, जेवणाची, भेटीच्या वाराची. आणि मोजणी. पाळी बदलताना माणसं मोजायची. जेवण झालं की चमचे मोजायचे, वाट्या मोजायच्या. एक चमचा कमी आला तर कुणालाही उठू द्यायचं नाही. गोळी दिली की 'जीभ वर कर, गालात बघू' म्हणायचं, कारण काही जणी गोळी गालात ठेवून बाहेर थुंकायच्या. मी घरी गेल्यावर नातवालासुद्धा क्रोसिन देऊन म्हणायची, जीभ वर कर.

लेखक मंडळी रुग्णाचं वर्णन करतात: शून्य नजर, चेहरा दगडासारखा, हात थरथरतात, तोंडातून लाळ. वाचणाऱ्याला वाटतं हे वेड. अहो, त्यातलं कितीतरी औषधाचं असतं! जुन्या औषधांनी अंग ताठ व्हायचं, चाल बदलायची, मग त्याच्यावर दुसरी गोळी. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असलेली बाई सारखं पाणी मागते, तिच्या बोटांना बारीक कंप असतो. कथेत लिहिलं, 'तिने थरथरत्या हाताने तिसऱ्यांदा तांब्या उचलला', तर सगळे म्हणणार घाबरलीय. मी म्हणणार, हिची रक्ततपासणी कधी झाली? त्यातून उन्हाळा, घाम, अंगातलं पाणी कमी, की रक्तातलं लिथियमचं प्रमाण वाढतं.

वकीलबाई म्हणाल्या ते कायद्याने बरोबर आहे. पण वीस वर्षं आत असलेल्या बायका मी बघितल्यात. त्यांना कुणी कोंडलेलं नव्हतं. बऱ्या झालेल्या होत्या. घरी पत्र टाकलं की परत यायचं, त्या पत्त्यावर कुणी राहत नाही. दाखल करतानाच पत्ता खोटा दिलेला. एक बाई दर दिवाळीला आपली पिशवी भरून दाराशी बसायची. पिशवीत दोन साड्या आणि साबणाची वडी. संध्याकाळी पिशवी परत कपाटात.

तुमच्या भावाला सही करून कोंडायची गरजच नाही. त्याने फक्त पत्ता चुकीचा लिहायचा.

वकीलबाई

सिस्टर, माझी अख्खी पोस्ट मागे पडली. फॉर्मवरचा पत्ता हा कथेसाठी माझ्या सगळ्या कलमांपेक्षा चांगला पुरावा आहे. हस्ताक्षर कुणाचं ते बघायचं.

अर्धशिशी

पाण्याचा तांब्या! कुणी लिहिलं नाहीये ना हे आधी?

पाणदिवड

बरं बाबा, हरलो नाही, पण अर्धं पाऊल मागे घेतो. तांब्याचं पटलं. साताऱ्याच्या वाचकाला ती घाबरलेली दिसते, त्याची धडधड चालू राहते. सिस्टरना दुसरं काही दिसतं. कुणाचंच नुकसान नाही. माझा राग पान-पान माहिती ओतणाऱ्यांवर आहे. एका कादंबरीत नायिका पळत असताना लेखकाने मेंदूतल्या रसायनांवर दीड पान लिहिलं होतं. तेवढ्या वेळात खुनी आरामात पोचला असता.

खाजण

ते तर खरंच. ज्याला काम येतं तो कामाबद्दल कमी बोलतो. पेशातलं माणूस लिहायला बसलं की उलटं होतं, कमावलेली सगळी माहिती वाचकाला ऐकवायची असते.

साच्यांबद्दल एक बोलायचं राहिलं. साचा म्हणजे कमी दर्जा असं समजू नये. आमच्याकडे जत्रेत दशावतार बघायला लोक रात्रभर बसतात. गणपती येणार, संकासुर येणार, त्याला विष्णू मारणार, पुढे आख्यान, सगळं पाठ. लिहिलेली संहिता मात्र नसते, संवाद त्या रात्री, त्या नटाच्या तोंडून उभे राहतात. पहाटे तीनला लोक जागे असतात ते नट काय बोलतो यासाठी. थरारकथेचंही तसंच. शेवटी उलटापालट होणार हे वाचक जाणून असतो. कशावरून होते, ते तुमचं.

मधली_आळी

सगळ्यांना एकदम उत्तर देते, पतपेढीचं ऑडिट चालू होतं.

भरती अष्टमीच्या बारालाच ठेवणार आहे. उधाणसुद्धा. खाजण यांनी लिहिलं ना, बाई खोटं बोलतेय असं वाटलं, तर ती खोटंच बोलते. वीस वर्षं मुंबईत राहिलेली बाई, तिला पाणी कधी चढतं ते आठवत नाही. तिने भावाला बाराच्या भरतीत वाहून आणलं, कारण तिच्या सांगण्याला ती वेळ लागते. ट्रॉलर मात्र काढते. त्याच्या जागी बिनइंजिनाची होडी, तिला बंदी नसते ना काका? ती होडी वल्हवणारा म्हातारा सगळ्या कथेत एकदाच बोलेल.

सहीचा फॉर्म गेला, चुकीचा पत्ता आला. सिस्टर, त्याबद्दल काय बोलू. तो पत्ता भावाने लिहिला की आणखी कुणी, यावर मी कालपासून अडलेय.

पाणदिवड

थांबा थांबा. हे रास्त आहे का पण? माझ्यासारख्या घाटावरच्या वाचकाला तिथीची पाऊणपट माहीतच नाही. मग शेवटी तुम्ही म्हणणार, बघा, भरतीवरून कळायला हवं होतं! रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले होते, त्यात दुवे वाचकापासून लपवायचे नाहीत हा एक होता.

औषधवाला_दापोली

त्याच नियमांत गोष्ट सांगणाऱ्या मित्राने मनातलं लपवायचं नाही असंही होतं. क्रिस्तीबाईंनी तीन वर्षं आधीच, १९२६ मध्ये, एका निवेदकाकडून काय करवून घेतलं ते आठवा. (नाव घेत नाही, पाणदिवड पुढच्या महिन्यात वाचणार असतील.) तो खोटं एकही वाक्य बोलत नाही, फक्त गाळतो.

अर्धशिशी

@पाणदिवड, उपाय सोपा आहे. पाऊणपटीचा हिशेब पहिल्या दहा पानांत येऊ दे, दुसऱ्याच कामासाठी. कुर्ल्या धरायला कधी जायचं यावरून शेजारच्या पोराने बोटं मोजावीत. नायिका ते ऐकते आणि तिचं लक्ष नसतं. वाचकाचंही नसणार.

दर्यासारंग

बिनइंजिनाच्या होडयेक बंदी नाय, बरोबर. पण जुलयात खाडीच्या तोंडार वल्हवत जातलो तो येडो तरी असतलो नायतर उपाशी तरी. आतल्या बाजूक ठेव, खाजणाच्या कडेक. भांगाक पाणी नीजललाच असता, प्रेत तोंडापर्यंत पोचतला कसा? थयच रवतला, कांदळात अडकान.

मधली_आळी

काका, हे सोन्यासारखं दिलंत. म्हणजे ती म्हणते खाडीच्या तोंडाशी, आणि सापडतं आत, कांदळवनात.

रात्रपाळी

मला एक विचारायचंय. तुमची नायिका वीस वर्षांनी बहिणीला वॉर्डात भेटते, तो प्रसंग लिहिलात का? आमच्याकडे भेटायला येणारी माणसं आधी चेहरा बघायची, मग रडायची किंवा नजर चुकवायची. डॉक्टर मात्र दारातून आत आल्या आल्या हात बघतात, चाल बघतात. सवयीने. सख्खी आई समोर असली तरी. तुमची कुठे बघते?

मधली_आळी

नाही लिहिला अजून. (बराच वेळ विचार करून) हात बघेल. आणि आपल्याला सांगेल की चेहरा बघितला.

रात्रपाळी

मग हातांचं वर्णन बारीक येऊ द्या आणि चेहऱ्याचं एका ओळीत.

दर्यासारंग

अंक खंय गावतलो तेवढा सांग. मालवणात एकच दुकान असा, थय दोन प्रती येतत नि एक दुकानदारच वाचता.